हातपंपाचे पाणी आणि मुलांचे पाय

दीर्घकाळ टिकणारे रोग एका रात्रीत उद्भवत नाहीत. पिण्याचे पाणी, रोजचे अन्न, श्रम आणि राहणी यांच्या वर्षानुवर्षांच्या परिणामातून ते शरीरात घर करतात. म्हणूनच त्यांच्या प्रतिबंधाचा विचार सुटा सुटा करून भागत नाही. हे समजून घेण्यासाठी महाराजपुरापासून फार दूर जावयास नको. जबलपूरला लागून असलेल्या मंडला जिल्ह्यातील तिलईपानी या खेड्याचे उदाहरण पुरेसे आहे.

या आदिवासी खेड्यात अनेक मुलांचे पाय गुडघ्यांपाशी आत वळलेले आढळले. गुडघे एकमेकांना घासत, घोटे मात्र दूर राहत. जबलपूर येथे १९८४ मध्ये स्थापन झालेल्या आदिवासी आरोग्य संशोधन केंद्रातील डॉ. तापस चकमा व त्यांच्या सहकाऱ्यांनी या व्यंगाचा अभ्यास केला आणि २००० मध्ये तो प्रसिद्ध झाला. व्यंगाचे मूळ हातपंपाच्या पाण्यातील फ्लोराइडमध्ये होते. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे दीड मिलिग्रॅमपेक्षा अधिक फ्लोराइड नसावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तिलईपानीत ते त्याच्या कित्येक पट होते.

हातपंप हे वास्तविक आरोग्याचेच साधन. उघड्या विहिरींच्या व नाल्यांच्या पाण्यातून पटकी आणि अतिसार पसरत, म्हणून १९७० नंतरच्या काळात देशभर ठिकठिकाणी नलकूप खोदण्यात आले. जंतूंचे भय त्यामुळे कमी झाले. परंतु खोल खडकांच्या भेगांत दीर्घकाळ साठलेल्या पाण्यात खडकातील फ्लोराइड विरघळलेले असू शकते. त्याला रंग नाही, वास नाही, आणि पाणी उकळूनही ते जात नाही. एका रोगावरचा उपाय अशा रीतीने दुसऱ्या रोगाचे कारण ठरला.

तथापि दोष केवळ पाण्याचा नव्हता. अशा पाण्याच्या प्रदेशातील मुलांच्या आत वळलेल्या गुडघ्यांकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी १९७३ मध्येच लक्ष वेधले होते. आहारात कॅल्शियम पुरेसे असेल, तर ते आतड्यातच काही फ्लोराइडला बांधून ठेवते आणि ते रक्तात कमी शोषले जाते. अर्धपोटी राहणाऱ्या मुलाच्या वाढत्या हाडांना मात्र हे संरक्षण लाभत नाही. एकच पाणी सधन घरातील मुलापेक्षा गरिबाच्या मुलाला अधिक बाधते, ते यामुळे.

उपायही म्हणून दुहेरी असावा लागला. एकीकडे सुरक्षित पाणी, दुसरीकडे कॅल्शियम, लोह व क जीवनसत्त्व यांची जोड. त्यासाठी चकौड्याच्या पाल्याचाही उपयोग करण्यात आला. पावसाळ्यात बांधावर आपोआप उगवणारी ही रानभाजी विदर्भात तरोटा, तर कोकणात टाकळा म्हणून परिचित आहे. तिच्या पानांत कॅल्शियम विपुल असते. औषधाच्या दुकानात न मिळणारा हा उपाय गावाच्या शिवारातच होता.

पाण्यातील फ्लोराइड काढून टाकण्याची तुरटी व चुना यांची पद्धत नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने १९७० च्या दशकातच विकसित केली होती. नलगोंडा पद्धत या नावाने ती ओळखली जाते. परंतु अशी साधने रोज नेमाने वापरली जावी लागतात. त्यासाठी शिकवण लागते, आणि घरातील पाणी भरणाऱ्या स्त्रीच्या श्रमांचा विचारही करावा लागतो.

पूर्ण वाकलेले हाड कोणत्याही गोळीने सरळ होत नाही. मधुमेह अथवा रक्तदाब यांसारख्या विकारांतही रोग जडल्यानंतरचा उपचार बहुधा जन्मभराचा असतो. तेव्हा रोग्याची नाडी पाहण्याच्या कितीतरी आधी त्याच्या घागरीतील पाणी आणि ताटातील भाजी पाहिली गेली पाहिजे. गावात नवा पंप बसताना त्याचे पाणी तपासून घेणे, आणि शाळेतील मुलांच्या दातांवरील पिवळसर डागांकडे वेळीच लक्ष देणे, एवढ्याने पुढच्या पिढीचे पाय वाचू शकतात.