अर्ज बाद करण्याआधी



वकिलांच्या या परिषदेत अध्यक्षानं न्यायव्यवस्थेचा सर्वंकष आढावा घ्यावा अशी रीत आहे. ती मोडून मी आज निवडणुकीतल्या फक्त एका दिवसाबद्दल बोलणार आहे. तो दिवस उमेदवारी अर्जांच्या छाननीचा.

मतदान यंत्रांवर आपण तासन्‌तास वाद घालतो. पण त्या यंत्रावर कोणाची नावं येणार हे जिथे ठरतं, त्या खोलीत उमेदवार, त्याचा प्रतिनिधी, एक सूचक आणि लेखी अधिकार दिलेली आणखी एक व्यक्ती एवढ्यांनाच प्रवेश असतो. ती आणखी एक व्यक्ती बहुतेक वेळा आपल्यापैकीच कोणी तरी असते. एकेक अर्ज पुकारला जातो, हरकत येते आणि काही मिनिटांत एखाद्याचा अर्ज बाद होतो. बाद होणाऱ्यांत अपक्ष आणि छोट्या पक्षांची माणसं जास्त दिसतात, हा माझा अनुभव आहे आणि तुमच्यापैकी अनेकांचाही असेल. मोठ्या पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. शपथपत्र तपासून द्यायला त्याच्याकडे पक्षाचं कार्यालय नसतं. सूचकांपैकी एकाचा मतदारयादीतला भाग क्रमांक चुकला तरी त्याला घाम फुटतो.

कायदा मात्र इतका कोरडा नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ चं कलम ३६ पुन्हा एकदा सावकाश वाचा. दोष महत्त्वाच्या स्वरूपाचा नसेल तर अर्ज फेटाळायचा नाही, असं ते सांगतं. फेटाळला तर कारणं थोडक्यात लिहून ठेवायला सांगतं. आणि पोटकलम ५ च्या परंतुकात म्हटलं आहे की हरकत कोणीही घेतली, अगदी निवडणूक निर्णय अधिकाऱ्यानं स्वतः घेतली, तरी तिचं खंडन करायला उमेदवाराला छाननीच्या तारखेनंतरच्या दुसऱ्या दिवसापर्यंत मुदत देता येईल.

आता कलम ३० पाहा. माघारीचा शेवटचा दिवसही छाननीनंतरचा दुसराच दिवस आहे. दोन्ही मुदती एकाच दिवशी संपतात. म्हणजे उमेदवाराला पूर्ण मुदत दिली तरी निवडणुकीचं वेळापत्रक हलत नाही, मतपत्रिकेची छपाई खोळंबत नाही, कोणाचंही काही बिघडत नाही. ‘वेळ नाही’ हे उत्तर आपण वर्षानुवर्षं ऐकत आलो आणि मुकाट्यानं मानत आलो. ते उत्तर कायद्याच्या मजकुराला धरून नाही.

सर्वोच्च न्यायालयानं १९९९ मध्ये राकेश कुमार विरुद्ध सुनील कुमार या प्रकरणात हेच सांगितलं: उमेदवार बाजू मांडायला वेळ मागत असेल, तर तो द्यायला हवा. त्याआधी, १९७७ च्या निवडणुकीतून उद्भवलेल्या मोहिंदरसिंग गिल खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निवडणुकीची घाई हे नैसर्गिक न्याय गुंडाळून ठेवण्याचं कारण होऊ शकत नाही, असा निर्वाळा दिला होता. सुनावणी छोटी असू शकते, झटपट असू शकते, पण ती झाली पाहिजे.

एवढा आग्रह छाननीच्याच वेळी का धरायचा? कारण नंतर दारं बंद होतात. मद्रास राज्यातल्या नामक्कल मतदारसंघात पोन्नुस्वामी यांचा अर्ज बाद झाला, ते न्यायालयात गेले आणि १९५२ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२९ (ब) मुळे मध्येच हस्तक्षेप करता येणार नाही, निकालानंतर निवडणूक याचिका करा. त्यामागचं तत्त्व मला पटतं. प्रत्येक मतदारसंघातून रिट याचिका येऊ लागल्या तर निवडणुका होणारच नाहीत. पण याचिकेचा मार्ग कसा आहे हे आपल्याला ठाऊक आहे. निकालापासून ४५ दिवसांत ती दाखल करायची, उच्च न्यायालयानं सहा महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा अशी कायद्याची अपेक्षा, आणि प्रत्यक्षात कित्येकदा सभागृहाची मुदत संपत येते तरी पुरावा चालूच असतो. अर्ज चुकीनं बाद झाला हे सिद्ध झालं तर कलम १०० खाली निवडणूक रद्द होते. निकालावर परिणाम झाला का, हे तिथे विचारलंही जात नाही. अर्ज चुकीनं स्वीकारला असेल तर मात्र तो परिणाम दाखवावा लागतो. चुकीनं बाहेर ठेवणं हा चुकीनं आत घेण्यापेक्षा मोठा अन्याय आहे, हे कायद्यालाच मान्य आहे. मग शंका असेल तेव्हा तराजू कुठे झुकायला हवा, हे वेगळं सांगायला नको.

वाराणसीचं २०१९ चं लोकसभेचं प्रकरण घ्या. सीमा सुरक्षा दलातून बडतर्फ झालेले तेज बहादुर यादव यांचा अर्ज. बडतर्फी भ्रष्टाचार किंवा राज्याशी बेइमानी यांमुळे झाली नाही, असं निवडणूक आयोगाचं प्रमाणपत्र त्यांनी जोडलं नव्हतं. कलम ३३(३) प्रमाणे ते अर्जासोबतच लागतं, ही गोष्ट त्यांच्या विरोधात जाते आणि ती मी झाकणार नाही. पण छाननी ३० एप्रिलची, माघारीचा दिवस २ मे, आणि दिल्लीहून प्रमाणपत्र आणून देण्यासाठी त्यांना १ मे च्या सकाळी ११ पर्यंतची वेळ मिळाली. परंतुकातला आणखी एक दिवस हातात होता. नंतर अलाहाबाद उच्च न्यायालयानं त्यांची याचिका ते त्या मतदारसंघाचे मतदार नाहीत आणि उमेदवारही ठरत नाहीत म्हणून फेटाळली, आणि २४ नोव्हेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं तो निर्णय कायम केला. निकालाचा मी आदर करतो. पण ज्याचा अर्ज अशा प्रमाणपत्राअभावी बाद झाला तो उमेदवार नाही, म्हणून अर्ज का बाद झाला हे विचारण्याचा हक्कही त्याला नाही, हे वर्तुळ मला अस्वस्थ करतं. ते संसदेनं तोडलं पाहिजे.

सुरतचं २०२४ चं प्रकरण याहून अवघड आहे. काँग्रेस उमेदवाराच्या सूचकांनी अर्जावरच्या सह्या आपल्या नाहीत अशी शपथपत्रं दिली, उमेदवाराला एक दिवस मिळाला, सूचक त्याला हजर करता आले नाहीत, अर्ज बाद झाला, एक उमेदवार सोडून उरलेल्यांनी माघार घेतली आणि मतदानच झालं नाही. लाखो मतदारांच्या हातून निवड गेली. इथे सुनावणी झाली, हे खरं. पण सही नाकारणाऱ्या सूचकाला समोर बसवून प्रश्न विचारता आले नाहीत, तर त्या सुनावणीत उरतं काय? अशा वेळी सूचकानं समक्ष यावं आणि उमेदवाराच्या वकिलाच्या प्रश्नांना उत्तर द्यावं, असा नियम हवा.

याउलट आपल्या महाराष्ट्रातल्या नगरपरिषदांच्या निवडणुकीत छाननीविरुद्ध जिल्हा न्यायालयात अपील करता आलं. २०२५ मध्ये काही अपिलांचे निकाल उशिरा आले आणि २ डिसेंबरचं मतदान काही ठिकाणी २० डिसेंबरवर गेलं. तेव्हा अनेकांनी अपिलालाच दोष दिला. मला तो पटला नाही. अपिलासाठी जागा ठेवूनच कार्यक्रम आखला असता तर ही वेळ आली नसती. दोन-तीन दिवसांत मिळणारा न्याय पाच वर्षांनी मिळणाऱ्या न्यायापेक्षा कितीतरी मोलाचा आहे, आणि विधानसभा-लोकसभेच्या उमेदवारालाही तो मिळायला हवा.

तोवर आपल्या हातात जे आहे ते आपण करू. हरकत आली की ती लेखी मागा. मुदतीचा अर्ज तोंडी करू नका, लिहून द्या, पोच घ्या. फेटाळल्याच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी मागा. परिषदेकडे माझी विनंती आहे की प्रत्येक जिल्ह्यात छाननीच्या दिवशी विनामूल्य उभ्या राहणाऱ्या वकिलांची यादी करावी. परंतुकातलं ‘देता येईल’ हे ‘दिली पाहिजे’ असं व्हावं, असा ठराव दुपारच्या सत्रात येतो आहे. त्याला अनुमोदन देणाऱ्यांत माझं नाव पहिलं लिहावं.