दिवाळीची नानकटाई

(साक्षरता वर्गात केलेले भाषण)



दिवाळीला आपण चकली, करंजी, शंकरपाळे घरी करतो. पण नानकटाई म्हटली, की डबा घेऊन बेकरीची वाट धरतो. ही नानकटाई घरीच कशी करावी, ते आज पाहू.

'नान' हा फारसी शब्द आहे. त्याचा अर्थ रोटी. सुरतेला पूर्वी डच व्यापाऱ्यांची वखार होती. डच म्हणजे हॉलंड देशाचे लोक. सुरतेच्या पारशी बेकऱ्यांतून नानकटाई पुढे मुंबईकडे आली, असे सांगतात. भट्टीत भाजायची रीत बाहेरची. तूप, बेसन आणि वेलदोडे आपले. दोहोंचा मेळ असा बसला, की हा जिन्नस आपल्या फराळाच्या ताटात येऊन बसला.

ही कृती आम्हाला एका भट्टीवाल्या मित्राने दिली. दिवाळीआधी आठ दिवस त्यांच्या दारात रांग लागे. बायामाणसे मैदा, तूप, साखर घरून आणीत. मित्र ते कालवून, पत्र्यावर मांडून भाजून देत. घेत ती फक्त भाजणावळ.

मित्रांना लिहिता येत नव्हते. सगळी मापे त्यांच्या हातात. विचारले, की म्हणत, 'दोन मुठी घाला, अंदाजाने.' मग आम्ही त्यांच्याजवळ बसलो. त्यांच्या मुठी तराजूत तोलल्या आणि एकेक माप कागदावर उतरवले. कोणी त्यांना म्हणाले, 'अहो, कृती वाटलीत तर गिऱ्हाईक जाईल!' ते हसून म्हणाले, 'खाणारी तोंडे वाढली, तर माझे काय जाते?' आज ते मित्र नाहीत. भट्टीही विझली. चिठ्ठी मात्र राहिली. ती अशी :

मैदा 250 ग्रॅम
बेसन 50 ग्रॅम
थिजलेले तूप 175 ग्रॅम
पिठीसाखर 150 ग्रॅम
खाण्याचा सोडा पाव चहाचा चमचा
वेलदोडे 8, जायफळ पाव, मीठ चिमूटभर

मित्र शेराची मापे बोलत. जुना शेर सुमारे 933 ग्रॅमचा. त्याचा पावशेर 233 ग्रॅमच्या आसपास. 1956 साली कायदा झाला आणि पुढे किलो-ग्रॅम आले. आता बाजारात पावशेर मागितले, की 250 ग्रॅम मिळतात. शब्द जुना, वजन नवे. म्हणून चिठ्ठीत ग्रॅमच लिहावे.

आता कृती. मैदा, बेसन, सोडा, मीठ दोनदा चाळून घ्यावे. वेलदोडे आणि जायफळ यांची पूड करावी. परातीत तूप आणि साखर हाताने फेसावी. तूप पातळ नको. थिजलेल्या तुपातच हवा धरली जाते, आणि त्या हवेने नानकटाई खुसखुशीत होते. मिश्रण पांढरे आणि हलके झाले, की पूड व पीठ घालावे. बोटांनी गोळा करावा. कणकेसारखे मळू नये, पाणीही घालू नये. मळले, की मैद्याला चिवटपणा येतो.

लहान लिंबाएवढे गोळे करून किंचित दाबावेत. 25 ते 30 होतील. तूप लावलेल्या ताटलीत दोन-दोन बोटे अंतर ठेवून मांडावेत. तापले, की ते पसरतात.

भट्टी नाही, म्हणून अडू नये. जाड बुडाच्या पातेल्यात दोन बोटे वाळू पसरावी. वर तिवई ठेवावी. झाकण लावून 10 मिनिटे तापवावे. मग ताटली आत ठेवून मंद आचेवर 20 ते 25 मिनिटे भाजावे. चूल असेल, तर झाकणावर थोडे निखारे ठेवावेत. वर भेगा पडल्या आणि बूड बदामी झाले, की काढावे. गरम असताना नानकटाई मऊ लागते. कच्ची राहिली असे समजून पुन्हा भाजू नका. निवली, की ती कडक होते. तापलेल्या वाळूवर पाणी मात्र कधी टाकू नका. वाफ उसळून हात भाजेल.

आता सोड्याचे सांगतो. हे नीट ऐका. उष्णतेने सोड्यातून वायू सुटतो आणि नानकटाई फुगते. पण अति तेथे माती. सोडा जास्त झाला, की साबणासारखी चव येते. आणि सोडे दोन आहेत. एक खाण्याचा, दुसरा धुण्याचा. दोन्ही पांढरे, दोन्हींची पूड. धुण्याचा सोडा पोटात गेला, तर तोंड आणि घसा पोळतो. डोळ्यांना फरक कळत नाही. पुडीवरचे अक्षर तो सांगते. म्हणून पुडी उघडण्याआधी अक्षर वाचा. अक्षर नसलेली पुडी स्वयंपाकघरात ठेवूच नका. तुम्ही रात्री कंदिलाशी बसून अक्षरे गिरवलीत, ती अशा वेळी जीव राखतात.

शेवटी एक काम देतो. तुमच्या घरी आजीच्या, आत्याच्या हातात एखादी कृती असेल. कुणाचे लोणचे, कुणाचे सांडगे, कुणाचा बाळंतिणीचा लाडू. त्यांच्या शेजारी बसा. मूठ तोला. माप लिहा. खाली त्यांचे नाव घाला. मग ती चिठ्ठी शेजारणीला उतरवून द्या. माणसाचा हात एक दिवस थांबतो. लिहिलेले पुढच्या हातात जाते.