लॅपटॉप बदलण्याआधी

पेण आणि रोहा या दोन्ही तालुक्यांतून आलेले फोटोग्राफर, शूटिंगवाले, केबलवाले, आणि मागे दाराशी घोळका करून उभी असलेली कन्सोलवाली पोरं,

पहिल्यांदा त्या पोरांना पुढे येऊन बसायला सांगतो. आजचं भाषण त्यांच्यासाठी आहे. आपण मोठी माणसं लग्नं, साखरपुडे, कबड्डीचे सामने, बाप्पाच्या मिरवणुका आणि धावीर महाराजांची पालखी लाइव्ह दाखवतो आणि त्यालाच धंदा समजतो. ही पोरं प्लेस्टेशनवर फुटबॉल खेळतात, लॅपटॉपवरून लाइव्ह करतात आणि रात्री एक वाजता आपल्यातल्या कुणाला तरी फोन लावतात, 'काका, अडकतंय.' काका झोपेत म्हणतात, 'लॅपटॉप जुना झाला, नवा घे.' माझा आक्षेप या उत्तराला आहे. हेटवण्याच्या धरणातून पाणी सुटलं नसेल, तर घरातला नळ बदलून काय होणार?

कन्सोलचा खेळ लॅपटॉपवर चालत नाही, एवढं आधी पक्कं लक्षात घ्या. खेळाची सगळी मेहनत कन्सोल करतो. लॅपटॉपच्या वाट्याला तीन कामं येतात: आलेलं चित्र घेणं, ते दाबून लहान करणं आणि इंटरनेटवर सोडणं. म्हणून कन्सोलचा खेळ लाइव्ह करायला खेळाच्या लॅपटॉपइतका दणकट लॅपटॉप लागत नाही. तरीही अडकतं, कारण या तीनपैकी एका ठिकाणी फ्रेम मरते, आणि ती कुठे मरते हे आपण बघत नाही.

बघायची सोय फुकट आहे. २०१२ मध्ये जिम बेली यांनी सुरू केलेलं ओबीएस हे लाइव्हचं सॉफ्टवेअर आज आपण सगळेच वापरतो. त्यात स्टॅट्स नावाची छोटी खिडकी असते. ती उघडून ठेवणारे मात्र हाताच्या बोटांवर मोजावेत एवढेच. तिच्यातल्या तीन ओळी आपल्या कामाच्या. पहिली रेंडरिंग लॅगची, म्हणजे चित्र जुळवताना ग्राफिक्स मागे पडलं. दुसरी एन्कोडिंग लॅगची, म्हणजे चित्र दाबताना दम लागला. तिसरी नेटवर्कची, म्हणजे चित्र तयार झालं पण बाहेर गेलं नाही. तीन आजार, तीन औषधं. नेटवर्कची ओळ लाल असताना एन्कोडर बदलत बसणं वाया जातं, आणि एन्कोडिंग लाल असताना वायफायवाल्याला शिव्या देणं अन्यायाचं आहे. वायफायवाले इथे बसलेत, त्यांनी टाळी वाजवायला हरकत नाही.

पण एक चौथी जागा आहे आणि ती या खिडकीत दिसत नाही. तिन्ही ओळी शून्यावर आणि चित्र तरी झटके खातंय, असं झालं की समजायचं, चित्र लॅपटॉपमध्ये शिरण्याआधीच तुटलंय. तिथे कन्सोलचं चित्र लॅपटॉपला देणारं कॅप्चर कार्ड बसलेलं असतं.

थोडा हिशोब मांडू. १०८०पीच्या एका चित्रात २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. न दाबलेल्या नेहमीच्या पद्धतीत प्रत्येक ठिपक्याला २ बाइट लागतात. म्हणजे एक फ्रेम सुमारे ३३ मेगाबिटची झाली. सेकंदाला ६० फ्रेम म्हटल्या की जवळपास २ गिगाबिट. यूएसबी २.० ची क्षमता सेकंदाला ४८० मेगाबिट, तीही कागदावर. म्हणजे त्या तारेतून असं पूर्ण चित्र सेकंदाला जेमतेम १४ वेळा जाईल. स्वस्त कार्डं मग चित्र आतच एमजेपीईजीमध्ये दाबतात, आणि त्यातली बरीच कार्डं १०८०पीला ३० फ्रेमवर थांबतात. खोक्यावर '४के' छापलेलं असतं, ते बहुतेक वेळा कार्ड आत काय घेतं याबद्दल असतं. लॅपटॉपला काय देतं, ते आत बारीक अक्षरात. यूएसबी ३.० ची क्षमता ५ गिगाबिट, तिथे २ गिगाबिट आरामात मावतात. पण कार्ड ३.० चं असून पोरं ते २.० च्या खाचेत, नाहीतर एखाद्या हबमध्ये माऊस आणि पेनड्राइव्हच्या शेजारी खोचतात. खाच बदला. तार कार्डासोबत आलेलीच वापरा. मग ओबीएसमध्ये त्या उपकरणाचं रिझोल्यूशन आणि फ्रेम रेट हाताने निवडा, 'डिव्हाइस डिफॉल्ट'वर सोडून देऊ नका.

आणि खेळ मुळात किती फ्रेमचा आहे? हा प्रश्न कुणी विचारतच नाही. बऱ्याच खेळांत दोन मोड असतात. 'क्वालिटी' ३० फ्रेम देतो, 'परफॉर्मन्स' ६०. खेळ ३० वर चालवून ६० ची आशा धरली, तर ओबीएस प्रत्येक फ्रेम दोनदा दाखवील. प्लेस्टेशन ५ वर १२० हर्ट्झ आणि व्हीआरआर, म्हणजे बदलता रिफ्रेश रेट, बंद ठेवा, त्याने कार्ड गोंधळतं. पडदा नुसता काळा येत असेल, तर कन्सोलच्या सेटिंगमध्ये एचडीसीपी हे नक्कल रोखणारं कुलूप बंद करा. कन्सोल बिघडलेला नसतो.

कार्ड घ्यायला पैसे नसले की पोरं रिमोट प्ले वापरतात, तेही चालतं. फक्त त्यात चित्र वायफायवरून लॅपटॉपवर येतं आणि त्याच वायफायवरून बाहेर जातं, शिवाय लॅपटॉपला ते आधी उलगडून मग पुन्हा दाबावं लागतं. निदान कन्सोल तरी लॅनच्या तारेने राउटरला जोडा.

आता दाबण्याबद्दल. ६० फ्रेम म्हणजे प्रत्येक फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात ३३ मेगाबिटचं चित्र दाबायचं. ट्विच हे लाइव्हचं संकेतस्थळ १०८०पी ६० साठी सेकंदाला ६००० किलोबिटचा बिटरेट सुचवतं, म्हणजे एका फ्रेमच्या वाट्याला १०० किलोबिट. साधारण ३३० तला एक हिस्सा उरतो. हे काम मुख्य प्रोसेसरकडून एक्स२६४ या सॉफ्टवेअर एन्कोडरवर करून घेतलं की पातळ लॅपटॉप धापा टाकतो. इंटेलने २०११ पासून क्विक सिंक आणि एनव्हिडियाने २०१२ पासून एनव्हेंक या नावाने चिपमध्येच वेगळी जागा दिलेली आहे. ती जागा तुमच्या लॅपटॉपमध्ये बहुधा रिकामी पडून असते. एन्कोडरच्या यादीत ती निवडा. मग एन्कोडिंगची ओळ शून्याकडे जाताना डोळ्यांनी दिसेल.

एवढं करून भागलं नाही, तर ७२०पी ६० वर या. ७२०पीचे ठिपके १०८०पीच्या निम्म्याहूनही कमी आहेत. खेळात हालचाल असते, धार थोडी कमी झाली तर कुणाच्या लक्षात येत नाही, झटका मात्र लगेच खुपतो. डळमळीत ६० पेक्षा स्थिर ३० बरे, हे माझं ठाम मत आहे. आपल्या बॅनरांवर 'फोर के, सिक्स्टी' लिहिण्याची जी शर्यत लागली आहे, तिला आपणच आवर घातला पाहिजे.

इथल्या हवेबद्दल बोललं पाहिजे, कारण कुठल्याच माहितीपुस्तकात पेण-रोहा लिहिलेलं नसतं. लाइव्ह पहिला अर्धा तास गुळगुळीत आणि मग अडखळायला लागलं, तर ती उष्णता समजा. चिप तापली की स्वतःच वेग उतरवते. हमरापूर-जोह्यात ज्यांच्या घरालगत गणपतीचा कारखाना आहे, त्यांच्या लॅपटॉपचा पंखा एकदा उघडून बघा. प्लॅस्टरची पूड आणि आपली दमट हवा मिळून जाळीवर जो थर बसतो, तो फुंकरीने जात नाही. सीझन संपला की साफ करून घ्या. लॅपटॉप गादीवर ठेवू नका, मागून उचलून ठेवा. चार्जर मूळ वॉटेजचाच लावा, कमी वॉटचा चार्जर लॅपटॉपला मुकाट्याने हळू करतो. आणि पावसाळ्यात वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो खरा, पण वेग कमी करून, आणि राउटर तर आधीच झोपलेला असतो. राउटरला छोटा यूपीएस लावण्याचा खर्च नव्या लॅपटॉपपुढे काहीच नाही.

शूटिंगवाल्यांनो, कॅमेऱ्याच्या बाबतीत तुमचा अनुभव पोरांच्या उपयोगी पडेल आणि अडचणही करील. आपले कॅमेरे वर्षानुवर्षं पॅलवर, २५ नाहीतर ५० वर लावलेले. कन्सोल ६० चा. पोराचा चेहरा दाखवायला तुम्ही तुमचा २५ वर लावलेला कॅमेरा दिलात, तर ६० च्या लाइव्हमध्ये त्याची काही फ्रेम दोनदा आणि काही तीनदा दिसेल, आणि मान हलवली की चेहरा लटपटेल. कॅमेरा ६० वर घ्या. मग दिव्याचा प्रश्न येतो. आपली वीज ५० हर्ट्झची, ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा मिणमिणते, आणि ६० वर चित्रात पट्टे सरकू लागतात. शटर १/१०० वर ठेवा, पट्टे जातात. ही गोष्ट लग्नाच्या हॉलमध्ये घाम गाळलेल्या माणसालाच माहीत असते, म्हणून ती पोरांना सांगायची जबाबदारी आपली.

नेटवर्कच्या ओळीबद्दल थोडक्यात. वेग मोजताना डाउनलोड बघू नका, अपलोड बघा, आणि बिटरेट त्याच्या पुरता खाली ठेवा. विसर्जनाच्या रात्री मोबाइलच्या टॉवरवर भरवसा ठेवू नका, सगळा गाव त्यावर व्हिडिओ चढवत असतो.

शेवटी एक आवाजाची बाब. २००९ साली हैदराबादच्या गेमशास्त्रने प्लेस्टेशन २ वर 'देसी अड्डा' आणला, त्यात कबड्डी होती. आपल्या रायगडच्या मातीतला खेळ कन्सोलवर येऊन इतकी वर्षं झाली, तरी त्याला आगरी बोलीत कॉमेंट्री देणारा माझ्या कानावर आलेला नाही. मैदानावरच्या सामन्याला आपल्याकडे अशी कॉमेंट्री असते की चित्र अडकलं तरी माणूस फोन ठेवत नाही. कन्सोलवाली पोरं मात्र माइक लावून भलत्याच कुणासारखी बोलतात. मैदानावरच्या त्या निवेदकांपैकी दोघे-तिघे आज समोर बसलेत. मागच्या टेबलावर एक कन्सोल, एक कार्ड आणि एक जुना लॅपटॉप मांडून ठेवला आहे. स्टॅट्सची खिडकी उघडी आहे आणि सध्या तिच्यातली एन्कोडिंगची ओळ मुद्दाम लाल ठेवली आहे. चहानंतर पोरांनी ती शून्यावर आणायची, निवेदकांनी माइक घ्यायचा, आणि संध्याकाळची रोहा गाडी पकडायची असेल त्यांनी आधी नंबर लावायचा.