वाचन शिकविण्याचे शास्त्र आणि वाडीवरची शाळा
(माथेरान येथे कार्यकर्त्यांसमोर झालेले भाषण)



नेरळहून घाट चढून आलेली मोटार दस्तुरी नाक्याशी थांबते. पुढचे ओझे माणसाच्या डोक्यावर, घोड्याच्या पाठीवर किंवा अलीकडे ई-रिक्षेत जाते. ही ओझी वाहणाऱ्यांत पायथ्याच्या वाड्यांतले ठाकूर आणि कातकरी पुष्कळ आहेत. पॅनोरमा, लुईझा, शार्लोट ही नावे त्यांच्या तोंडी सहज असतात. पर्यटकाशी हिंदीत, वेळ पडल्यास गुजरातीत किंवा तुटक इंग्रजीत भाव ठरविणारी पोरेही येथे थोडी नाहीत. परंतु त्याच नावांच्या पाट्या वाचण्याचा प्रसंग आला की त्यांतील अनेकांची जीभ अडते. उलट पायथ्याच्या शाळेत तिसरी-चौथीतले एखादे मूल पाठ्यपुस्तकातला उतारा एकेक अक्षर लावीत शेवटापर्यंत नेते, आणि ‘गोष्टीत काय झाले?’ असे विचारले की गप्प राहते. पहिल्याला भाषा कळते पण लिपी कळत नाही. दुसऱ्याला लिपी लावता येते पण भाषा परकी आहे. शाळेच्या तक्त्यात मात्र दोघांची नोंद एकाच रकान्यात होते, आणि दोघांना औषधही एकच दिले जाते: बाराखडी पुन्हा गिरवा.

वाचनाचे संशोधन करणाऱ्यांनी ह्या दोन मुलांतला भेद फार पूर्वी दाखवून दिला आहे. गफ आणि टनमर ह्या दोन संशोधकांनी १९८६ साली असे मांडले की वाचून समजणे हा दोन गोष्टींचा गुणाकार आहे: छापील खुणांवरून शब्द ओळखणे ही एक, आणि ऐकलेली भाषा समजणे ही दुसरी. ही बेरीज नव्हे, गुणाकार आहे. दोहोंपैकी एक शून्य असेल तर दुसरी कितीही मोठी असली तरी उत्तर शून्यच येते. सूत्र साधे आहे आणि त्यावर टीकाही झाली आहे. परंतु वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकाला पहिला प्रश्न विचारायला ते शिकविते: हे मूल नेमके कोठे अडले आहे?

हा प्रश्न न विचारल्यामुळे काय होते हे ‘असर’च्या पाहण्यांनी वर्षानुवर्षे समोर ठेवले आहे. २०२२ च्या पाहणीत ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणारी ४२.८ टक्केच निघाली. २०१८ साली हेच प्रमाण ५०.५ टक्के होते. मधल्या काळात टाळेबंदीने शाळा बंद राहिल्या हे खरे. पण टाळेबंदीपूर्वीही निम्मी मुले वाचू शकत नव्हती, ह्याचा दोष कोणत्या साथीला द्यावा?

आता लिपीचे पाहू. इंग्रजीविषयीचे संशोधन जसेच्या तसे मराठीस लावण्याची एक घाई अलीकडे दिसते. देवनागरी ही अक्षरांची लिपी आहे. चौतीस व्यंजनांची बाराखडी मांडली तर चारशेच्या वर चिन्हे होतात, आणि जोडाक्षरे त्यापुढे. ‘कि’ मध्ये वेलांटी आधी दिसते, पण तिचा उच्चार मागून येतो. ‘तर्क’, ‘चक्र’, ‘राष्ट्र’, ‘दऱ्या’ ह्या चार शब्दांत एकच र चार रूपे घेतो. प्रौढ वाचकाच्या हे ध्यानातही येत नाही. सात वर्षांच्या मुलाला ती चार वेगळी कोडी वाटतात. बंगळूरच्या सोनाली नाग ह्यांनी कन्नड वाचणाऱ्या मुलांचा अभ्यास करून २००७ साली दाखविले की अक्षरांचा हा सारा संच आत्मसात होण्यास तिसरी-चौथीपर्यंतचा, कित्येकदा त्याहूनही अधिक काळ लागतो. युरोपीय भाषांतील मूल आपली सव्वीस-तीस अक्षरे वर्षा-दोन वर्षांत उरकते, तसे येथे होत नाही. बहुतेक शाळांत मात्र पहिलीत बाराखडी ‘झाली’ अशी नोंद होते, दुसरीत उजळणी होते, आणि तिसरीपासून अक्षरांकडे कोणी पाहत नाही. जे मूल निम्म्या वाटेवर होते त्याचा हात नेमका तेथेच सुटतो.

मराठीच्या बाबतीत ह्याचा प्रत्यक्ष पुरावा दूरचा नाही. पालघर जिल्ह्यातील वाडा परिसरातील मराठी मुले आणि कर्नाटकातील यादगीर येथील कन्नड मुले ह्यांचा तीन वर्षे मागोवा घेणारा एक मोठा अभ्यास शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. त्याचा अहवाल २०१७ साली प्रसिद्ध झाला. अक्षरे घोकणे, फळ्यावरचे उतरवून घेणे आणि एकसुरात म्हणणे ह्यांतच भाषेचे तास जातात, मुलाच्या बोलण्याला आणि समजण्याला त्यांत फारशी जागा नसते, आणि एवढे करूनही बरीच मुले अक्षरांतही मागेच राहतात, असे चित्र त्यातून उभे राहिले. अर्थ बाजूला सारून अक्षर तरी पक्के होते, ही समजूत येथे कोसळते. शिक्षकांना कारण विचारले तर बोट बहुधा मुलाच्या घराकडे वळते: आईबाप अडाणी, घरी वातावरण नाही. ह्या उत्तरात जातीचा वास आहे, हे शास्त्राने सांगितले नाही तरी चळवळीतल्या माणसाला कळायला हवे.

ह्याच वाडा तालुक्यात सोनाळे येथे नीलेश निमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांची ‘क्वेस्ट’ ही संस्था २००७ पासून काम करीत आहे. त्याआधी फलटणला मॅक्सीन बर्नसन ह्यांनी शाळेबाहेर राहिलेल्या मुलांना वाचन शिकविण्यापासून आरंभ केला. पुढे १९८६ साली तेथे कमला निंबकर बालभवन उभे राहिले. ह्या दोन्ही ठिकाणच्या कामाचा गाभा असा: वर्णमालेचा क्रम सोडून द्यावा, थोडी अक्षरे आणि एक-दोन मात्रा अशा बेताने घ्याव्यात की त्यांतून लगेच खरे शब्द आणि छोटी वाक्ये बनतील, आणि त्याच वेळी, अक्षरे पुरी होण्याची वाट न पाहता, मुलांना रोज गोष्टी वाचून दाखवाव्यात, त्यांवर बोलू द्यावे, चित्र काढू द्यावे, जमेल तसे लिहू द्यावे. गुणाकारातल्या दोन्ही संख्या एकाच वेळी वाढवायच्या.

बर्नसन मुळात भाषावैज्ञानिक आहेत आणि फलटणच्या बोलीतील भेद हाच त्यांच्या प्रबंधाचा विषय होता, ही गोष्ट येथे मुद्दाम सांगण्याजोगी आहे. कारण पुढचा अडसर बोलीचा आहे. उत्तर कोकणातील अनेक बोलींत ण आणि न, ळ आणि ल हा भेद पाळला जात नाही. ‘काळे पाणी’ असे छापलेले मूल ‘काला पानी’ असे म्हणते. त्याने शब्द ओळखला, अर्थ जाणला आणि स्वतःच्या बोलीत उच्चारला. म्हणजे वाचन पुरे झाले. गुरुजी मात्र त्याला थांबवितात, दटावतात, वर्ग हसतो. असे चार वेळा झाले की मूल वाचायला उभेच राहत नाही. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतील काळ्या मुलांचा अभ्यास करताना विल्यम लबाव ह्यांनी १९६० च्या दशकात हेच दाखविले होते: मुलांच्या भाषेत उणीव नाही, तिचे स्वतंत्र आणि सुसंगत नियम आहेत, उणीव शाळेला ते नियम ठाऊक नसण्यात आहे. उच्चारातला भेद आणि वाचनातली चूक ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे एक वाक्य रायगडच्या प्रत्येक वर्गात पोहोचले तरी पुष्कळ मुलांची मान ताठ होईल.

कातकरी मुलाची गोष्ट तर उच्चाराच्याही पलीकडची आहे. त्याची बोली प्रमाण मराठीपासून इतकी दूर आहे की पाठ्यपुस्तकातील मराठी ही त्याची दुसरी भाषा ठरते. त्यावर २००० सालापासून पहिलीतच इंग्रजी आली. २०२५ च्या एप्रिलमध्ये शासनाने पहिलीपासून हिंदी आणण्याचा निर्णय काढला, आणि महाराष्ट्रभर विरोध झाल्यावर २९ जूनला तो मागे घेतला. तो विरोध योग्यच होता. परंतु त्या साऱ्या वादात मराठी ही महाराष्ट्रातल्या प्रत्येक मुलाची मायबोली आहे असे गृहीत धरले गेले, आणि ज्याच्यासाठी मराठी हीच शाळेत शिकण्याची भाषा आहे त्या मुलाचा उल्लेख कोठे फारसा झाला नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये, शक्य तेथवर शिक्षण मुलाच्या मातृभाषेतून असावे, असे लिहिलेले आहे. ‘शक्य तेथवर’ ह्या दोन शब्दांत कातकरी बोली बसत नाही, एवढेच.

दुसऱ्या भाषेत वाचायला शिकणाऱ्या मुलांविषयी अमेरिकेतील एका तज्ज्ञमंडळाने उपलब्ध संशोधन चाळून २००६ साली अहवाल दिला. डायान ऑगस्ट आणि टिमथी शॅनहन त्याचे संपादक होते. अक्षर-ध्वनीची जोड, ओघ, शब्दसंग्रह, आकलन हे सारे पद्धतशीर शिकविल्याचा फायदा ह्या मुलांनाही होतो. पण तेवढे पुरत नाही, त्यांना नव्या भाषेत बोलण्याचा भरपूर सराव लागतो. आणि पहिल्या भाषेत आलेले वाचन दुसरीत वाया जात नाही, उलट कामी येते, असा त्याचा आशय आहे. माथेरानच्या पोराला तुटक का होईना इंग्रजी बोलता येते ते ह्या दृष्टीने भांडवल आहे. सेमी-इंग्रजीच्या वर्गात न समजलेल्या शब्दांची स्पेलिंगे पाठ करणाऱ्या मुलाकडे ते भांडवल नसते. वाडीतले आईबाप इंग्रजी मागतात ह्यात हसण्यासारखे काही नाही. उच्चवर्णीय घरांनी तोच मार्ग धरून नोकऱ्या मिळविल्या हे ते पाहत आले आहेत. ‘आमच्या बोलीत शिकून पोर कोठे जाणार?’ हा त्यांचा प्रश्नही खरा आहे. बोली ही मुक्कामाची जागा नाही, ती पलीकडे जाण्याचा साकव आहे, हे त्यांना भाषणाने पटणार नाही. पोराला वाचताना पाहिले तर पटेल.

येथे पावलो फ्रेअरे ह्यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे, कारण त्यांचे नाव घेणारे पुष्कळ आणि त्यांची पद्धत पाहणारे थोडे. १९६३ साली ब्राझीलमधील आंजिकोस येथे तीनशेच्या आसपास कष्टकऱ्यांना त्यांनी चाळीस तासांत वाचायला शिकविण्याचा प्रयोग केला, तो केवळ चर्चेच्या जोरावर नव्हता. लोकांच्या जगण्यातला एखादा शब्द घ्यायचा, त्यावर बोलायचे, आणि मग त्याचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याचे कुटुंब मांडायचे, अशी त्यांची रीत. त्यांच्या गाजलेल्या शब्दांपैकी एक ‘तिजोलो’, म्हणजे वीट. त्यातला ‘ति’ घेऊन त, ते, ति, तो, तु अशी ओळ मांडली जाई. ही बाराखडीच आहे! फरक इतकाच की ती विटेवर बोलून झाल्यावर येते. कर्जत-खालापूरच्या कातकऱ्यास वीट हा शब्द शिकवावा लागत नाही. दिवाळी सरली की कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळसाभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडाला परततात.

आणि हाच सर्वांत कठीण भाग आहे. अक्षरांचा संच पुरा व्हायला तीन-चार वर्षांचा सलग सराव हवा असे शास्त्र म्हणते, आणि ह्या मुलाला दरवर्षी चार-पाच महिने मिळतात. कोणतीही उत्तम पद्धत ह्या खिंडाराला पुरी पडणार नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांनी कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांमागे शाळाच कुरणात नेली. ठाणे जिल्ह्यात वीटभट्टीवर भोंगाशाळा चालविल्या गेल्या. शासनाची दिशा मात्र उलटी राहिली. २०१७ च्या अखेरीस दहाच्या आत पट असलेल्या १३१४ शाळा बंद करण्याचा निर्णय झाला, आणि २०२३ साली कमी पटाच्या शाळा मिटवून समूहशाळा करण्याचा प्रस्ताव आला. डोंगरातल्या वाडीवर पट कमीच असणार. तेथून शाळा उठली की सहा वर्षांचे मूल ओढा ओलांडून दुसऱ्या गावी जाणार नाही, ते आईबरोबर भट्टीवर जाईल.

चळवळीत एक समजूत रूढ आहे की शाळा, शिक्षक आणि अनुदान ह्यांसाठी लढणे हे राजकारण, आणि मुलाला क कसा शिकवावा हे मास्तरांचे काम. ही समजूत टाकून द्यायला हवी. ह्याच माथेरानात जन्मलेल्या भाई कोतवालांनी सावकारीच्या पाशातून शेतकरी-आदिवासींना सोडविण्यासाठी धान्यकोठ्या काढल्या. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या रानात त्यांना हौतात्म्य आले. सावकाराचा जोर धान्यावर होता तितकाच कागदावरही असे. आजचा कागद २००६ च्या वनहक्क कायद्याखालच्या दाव्याचा आहे. दळीच्या जमिनीचा दावा फेटाळल्याचे पत्र ज्याच्या हाती येते, त्याला ते स्वतः वाचता येते की दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागते, ह्यावर अपिलाची मुदत हुकणे न हुकणे अवलंबून असते.

तेव्हा वाड्यांवर संध्याकाळच्या अभ्यासिका चालविणाऱ्या कार्यकर्त्यांनी गृहपाठ करून घेणे थोडे कमी करावे. रोज पंधरा-वीस मिनिटे एक चांगली गोष्ट मोठ्याने वाचून दाखवावी आणि तिच्यावर मुलांना त्यांच्या बोलीत बोलू द्यावे. मुलाने सांगितलेली दोन वाक्ये, त्याच्याच शब्दांत, मोठ्या अक्षरांत कागदावर उतरावीत आणि तोच कागद त्याला वाचायला द्यावा. शेजारी तीच वाक्ये प्रमाण मराठीत लिहावीत. ‘काला’ म्हणणाऱ्यास टोकू नये. चौथी-पाचवीतल्या मुलाला येत नाही म्हणून पहिलीच्या पुस्तकाशी बसवू नये, त्यात त्याचा अपमान आहे. त्याच्या वयाचा विषय घेऊन सोपी वाक्ये लिहावीत. आणि प्रत्येक मुलाला एकट्याने जवळ बसवून, तो कोणती अक्षरे ओळखतो, कोणत्या मात्रेशी अडतो, ऐकलेली गोष्ट सांगू शकतो की नाही, ह्याची नोंद एका वहीत ठेवावी.

ही वही दिवाळीपूर्वी शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत ठेवता येईल. समितीत पालकांचे बहुमत कायद्यानेच आहे. कोणत्या घरचे कोणते मूल कोणत्या भट्टीवर जाणार, त्याच्यासोबत कोणती पुस्तके द्यायची, भट्टीच्या गावची शाळा त्याला घेते की नाही हे कोणी पाहायचे, आणि जूनमध्ये परतल्यावर त्याला कोठून पुढे न्यायचे, ह्याचा निर्णय त्या सभेत व्हावा. मुकादमाचा ट्रक वाडीखाली येऊन उभा राहिल्यावर त्याला उशीर झालेला असतो.