हे कोणी सांगितले?
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आपल्या ज्ञातीतील मुलेमुली आता विद्यापीठांत जाऊन शोधनिबंध लिहू लागली आहेत, ही आम्हां सर्वांस अभिमानाची गोष्ट होय. आमचे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपुरतेच झाले; तथापि "हे तुला कोणी सांगितले?" हा प्रश्न आम्ही जन्मभर विद्यार्थ्यांस विचारीत आलो. शोधनिबंधाचा पाया तोच प्रश्न आहे, असे आमचे नम्र मत आहे. उदाहरण आपल्या चांद्याचेच घेतो.

चांद्याच्या गोंड राजांची एक वंशावळ पुष्कळांच्या परिचयाची आहे. मेजर ल्युसी स्मिथ या इंग्रज जमाबंदी अधिकाऱ्याने ती १८६९ च्या आपल्या अहवालात दिली आणि पुढे ती अनेक पुस्तकांत उतरली. तीत भीम बल्लाळसिंहापासून नीलकंठशहापर्यंत, म्हणजे इ. स. ८७० पासून १७५१ पर्यंत, एकोणीस राजवटी दिल्या आहेत. आता साधा भागाकार करा. ८८१ वर्षांस १९ ने भागिले असता प्रत्येक राजवटीच्या वाट्यास सरासरी ४६ वर्षे येतात! एखादा राजा इतकी वर्षे राज्य करील; परंतु एकामागून एक एकोणीस राजवटींची सरासरी इतकी यावी, हे मनास पटत नाही.

मात्र शंका म्हणजे निर्णय नव्हे. त्यासाठी दुसरा साक्षीदार बोलवावा लागतो. या वंशावळीत बाबाजी बल्लाळशहाचा काळ १४४२ ते १५२२ असा दिला आहे. उलट अकबराच्या दरबारी असलेल्या अबुल फजलने आपल्या 'आईन-ए-अकबरी'त चांद्याचा गोंड राजा म्हणून याच बाबाजीचे नाव नोंदविले आहे. हा ग्रंथ सोळाव्या शतकाच्या अखेरीचा. आणि अकबराचा जन्मच मुळी १५४२ चा! तेव्हा वंशावळीतील नाव खरे असले, तरी सन मात्र मागे सरकलेले आहेत, हे उघड होते.

येथे तरुण मंडळी विचारतील, अबुल फजल तरी सर्वस्वी विश्वसनीय आहे काय? तर तसेही नाही. बाबाजीपाशी एक हजार घोडेस्वार व चाळीस हजार पायदळ होते, असे तो लिहितो. तो आकडा दूरच्या दरबारात बसून ऐकीव माहितीवरून लिहिलेला असू शकेल. परंतु आपल्या काळी चांद्यास कोण राज्य करीत होता, या बाबतीत त्याला खोटे सांगण्याचे कारण दिसत नाही. तीच गोष्ट ल्युसी स्मिथची. स्वतःच्या काळातील जमीनमहसुलाविषयी तो लिहितो तेव्हा तो जाणता साक्षीदार ठरतो. हजार वर्षांपूर्वीच्या राजाविषयी लिहितो तेव्हा तो केवळ परंपरेचा निरोप्या असतो. म्हणून ग्रंथ विश्वासार्ह आहे की नाही, एवढेच विचारून भागत नाही. त्यातील कोणते विधान, कोणी, केव्हा, कशाच्या आधारे आणि कोणत्या हेतूने केले, हे पाहावे लागते.

दुसरी गोष्ट अशी की, दहा पुस्तकांत एकच मजकूर आढळला, म्हणजे दहा पुरावे मिळाले असे होत नाही. नऊ जणांनी पहिल्याचीच नक्कल केली असेल, तर साक्षीदार एकच. हल्ली मोबाईलवर फिरणाऱ्या मजकुराला तर ही कसोटी अधिकच कडकपणे लावली पाहिजे.

याचा अर्थ म्हाताऱ्यांच्या तोंडची माहिती टाकाऊ असा कोणी घेऊ नये. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, हे आपणांस ठाऊकच आहे. ज्या २००६ च्या कायद्याने असे हक्क मिळतात, त्याखालील नियमांत सरकारी कागदांबरोबरच वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदविलेले कथनही पुरावा म्हणून मान्य केले आहे. परंतु त्यात दोन अटी आहेत. ते कथन दावेदाराखेरीज अन्य व्यक्तीचे असावे, आणि निर्णय करताना एकाहून अधिक पुरावे विचारात घ्यावेत. संशोधकाने गिरवावा असाच हा धडा आहे.

आता थोडे स्वतःकडे पाहू. आपल्या या स्मरणिकेत ज्ञातीच्या उत्पत्तीचे व पूर्वजांच्या पराक्रमाचे लेख दरवर्षी येतात. आपण स्वतःविषयी लिहितो, म्हणजे येथे दावेदारही आपण आणि साक्षीदारही आपणच! चाळीस वर्षांनी आपलीच एखादी नात प्रबंध लिहिताना हेच पान उघडील. त्यातील एक विधान खोटे निघाले, तर शेजारच्या पानावरील खऱ्या कष्टांची व खऱ्या त्यागाची हकिकतही तिचे परीक्षक मानणार नाहीत. खोट्या मोठेपणाची किंमत अशी खऱ्या मोठेपणाला मोजावी लागते.

यास्तव आमची लेखकांस विनंती आहे की, ऐकीव हकिकतीखाली ती सांगणाऱ्याचे नाव, वय, गाव व तारीख द्यावी. घरात जुना दस्तऐवज असल्यास त्याची नक्कल जोडावी. आणि जेथे आधार नाही, तेथे "अशी दंतकथा आहे" एवढेच प्रामाणिकपणे लिहावे. त्यात ज्ञातीची मानहानी मुळीच नाही.