विहारातले ग्रंथालय : कुणासाठी, कशासाठी?

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा सारांश)



पुष्कळजण विचारतात, विहारात वंदना होते, तिथे ग्रंथालय कशाला? पण विहार आणि ग्रंथ यांचे नाते आजचे नाही. चिनी भिक्षू ह्युएनत्संग नालंदेत शिकला आणि इ.स. 645 मध्ये मायदेशी पोचला, तेव्हा त्याच्याबरोबर 657 ग्रंथ होते. आपल्याकडे पुढे नष्ट झालेले कितीतरी बौद्ध ग्रंथ आज चिनी भाषांतरात शिल्लक आहेत. का? तर नालंदेसारख्या विहारांनी ते परक्याला वाचू दिले, नेऊ दिले. दिले म्हणून ते टिकले.

आता महाराष्ट्राकडे या. आपल्याकडची वाचनालये जुनी. रत्नागिरीचे तर 1828 सालचे. पण ज्या समाजाला पाणवठ्यावर हात लावता येत नव्हता, त्याला वाचनालयाच्या बाकावर कोण बसू देणार? म्हणून 20 जुलै 1924 रोजी बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, तेव्हा तिच्या उद्दिष्टांत वसतिगृहांबरोबर वाचनालयेही होती. हे नीट लक्षात घ्या. पोटाला भाकर नाही, अंगावर धड कापड नाही, अशा लोकांसाठी वाचनालय! वसतिगृहाने पोराला निवारा मिळतो, वाचनालयाने त्याला प्रश्न विचारता येतात.

बाबासाहेबांना शिष्यवृत्ती देणाऱ्या सयाजीराव महाराजांच्या बडोदे संस्थानातही हेच घडत होते. 1910 साली महाराजांनी अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावले आणि गावोगाव मोफत वाचनालये काढली. गावाने वर्गणी जमवायची, बाकीचा भार सरकारने आणि स्थानिक मंडळाने उचलायचा. जिथे वाचनालय नाही तिथे पुस्तकांच्या पेट्या फिरत जात. वाचक येत नसेल तर पुस्तक त्याच्याकडे जाईल, अशी ती रीत.

एक पुस्तक काय करते, हे आपल्याला दुसऱ्या कुणी सांगायला नको. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा भीमराव 1907 साली मॅट्रिक झाला. त्याच्या सत्कारात कृष्णाजी अर्जुन केळुस्कर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याच्या हाती ठेवले. 1956 ची नागपूरची दीक्षाभूमी आपण सारे जाणतो. मधल्या एकोणपन्नास वर्षांची वाट त्या एका पुस्तकानेच घडवली असे मी म्हणत नाही. पण ते गुरुजींच्या कपाटातच राहिले असते, तर?

ग्रंथालयशास्त्राचे जाणकार डॉ. रंगनाथन यांनी 1931 साली पाच सूत्रे मांडली. पहिलेच सूत्र, पुस्तके वापरण्यासाठी आहेत. आणि आपण काय करतो? वर्गणी काढतो, काचेचे कपाट घेतो, खंड ओळीने लावतो, हार घालतो आणि कुलूप ठोकतो. किल्ली कुणाकडे, ते कुणालाच ठाऊक नाही. म्हणे, पुस्तके हरवतात. हरवतील दोन-चार. पानं सुटली तर पुन्हा बांधून घेऊ. पण वाळवीने खाल्लेल्या पुस्तकाचे काय करणार? ते तर कुणी न वाचताच गेले.

माझे मागणे मोठे नाही. दार रोज ठरल्या वेळी उघडावे. दाखल-नोंदवही आणि देवघेवीची वही ठेवावी. कामावरून दमून येणाऱ्या बायांना संध्याकाळी उशिरा पुस्तक मिळावे. स्पर्धा परीक्षेच्या पोरांना बसायला जागा द्यावी, पण गाईडबरोबर एखादे चरित्रही त्यांच्या हाती द्यावे. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याला फी मागू नये. आणि शेजारच्या आळीतला, दुसऱ्या जातीधर्माचा माणूस आला, तर त्याचे नाव वहीत तितक्याच आदराने लिहावे. ज्यांना दारे बंद होती, त्यांनी स्वतःचे दार बंद ठेवू नये.

आज घरी जाताना प्रत्येकाने एक तरी पुस्तक नोंदवून न्यावे. आजच्या दिवशी कपाट निम्मे रिकामे झाले, तर वर्धापनदिन साजरा झाला असे मी समजेन.