जीवदयेचे एक छोटेसे घरकुल
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



जीवदयेवर चार शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली. मी शास्त्राचा अभ्यासक नव्हे, कापडाचा व्यापारी. म्हणून मीटरपट्टीने मोजून करता येईल अशा एका कामाविषयीच बोलतो. ते काम म्हणजे चिमणीसाठी लाकडी घरटे.

पक्षिसेवा आपल्या समाजास नवी नाही. दिल्लीच्या लाल मंदिरातील पक्ष्यांचे धर्मादाय रुग्णालय सर्वश्रुत आहे. परंतु पिंजऱ्यातील पोपट वा मुनिया विकत घेऊन सोडण्याची जी प्रथा काही ठिकाणी आहे, तिचा हिशेब तपासावयास हवा. मागणी असली की पुरवठा होतोच, हा बाजाराचा नियम आहे. आपण पाच पक्षी सोडवितो, पकडणारा दुसरे पाच आणतो. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हा व्यवहारच गुन्हा ठरतो. तोच पैसा निवाऱ्याकडे वळविणे अधिक श्रेयस्कर होय.

चिमणीला पोकळी लागते. जुन्या वाड्यांचे आढे, कौलांच्या फटी, तसबिरींच्या मागची जागा तिला पुरत असे. सिमेंटच्या सपाट भिंतींत तिला थारा उरलेला नाही. नाशिकच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिन पाळला जातो, तो याच चिंतेपोटी.

दीड मीटर लांब, १५ सेंटिमीटर रुंद व दीड सेंटिमीटर जाड अशी एक फळी पुरते. पाठ ४५ सेंटिमीटर, पुढची बाजू २०, छत २२ आणि तळ १२ सेंटिमीटर कापावा. दोन्ही कुशी मागे २५ व पुढे २० सेंटिमीटर उंच ठेवाव्यात, म्हणजे छताला उतार येतो. प्रवेशाचे छिद्र ३२ मिलिमीटर व्यासाचे, तळापासून किमान साडेबारा सेंटिमीटर वर असावे. बाहेर बसण्याची काडी लावू नये. तिचा उपयोग शत्रूलाच होतो. तळाला पाणी निथळण्यासाठी चार बारीक भोके पाडावीत.

येथे यतना महत्त्वाची. लाकूड वाळलेले, कीड नसलेले आहे हे निरखून घ्यावे. सुतारांचा पारंपरिक सरस जनावरांच्या कातडी-हाडांपासून बनतो. म्हणून स्क्रूच वापरावेत. छताच्या बिजागरीसाठी चामड्याऐवजी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी लावावी. आतून रंग देऊ नये.

घरटे अडीच-तीन मीटर उंचीवर, मांजर पोहोचणार नाही व दुपारचे ऊन, पावसाचा मारा लागणार नाही असे टांगावे. अंडी वा पिल्ले असता ते उघडू नये. पिल्ले उडून गेल्यावरच स्वच्छ करावे. पाण्याचे भांडे रोज घासून गाळलेले पाणी भरावे.

चिमणी आपल्या पिल्लांना प्रामुख्याने कीटक भरविते, हे ऐकून काहींच्या मनात शंका येईल. तो निसर्गक्रम आहे. आपण कीटक मारून देत नाही. उलट बागेतील विषारी फवारणी थांबविली, तर कीटकांचीही हिंसा टळते आणि पक्ष्याचे अन्नही राहते. तत्त्वार्थसूत्रातील परस्पर उपकाराचा बोध याहून वेगळा तो काय?

आपल्या जीवदया फंडातून प्रत्येक कुटुंबास एक फळी द्यावी आणि ते घरटे त्या घरातील मुलांनी जोडावे, एवढी विनंती विश्वस्तांना करून मी आपली रजा घेतो.

जय जिनेंद्र!